मोहफुलांच्या दिवसांतली हजेरी

लांजेवार गुरुजींनी सायकल शाळेच्या भिंतीला टेकवली, टोपी काढून कपाळ पुसलं आणि मी पुढं केलेला पाण्याचा पेला हातात तसाच धरून विचारलं, "बाई, मागच्या मार्चात तुमची खरी हजेरी किती होती?"

"खरी म्हणजे?" मी म्हटलं.

"खरी म्हणजे खरी. रजिस्टरातली मला ठाऊक आहे. रजिस्टरात सगळ्यांचीच ब्याण्णव-पंच्याण्णव टक्के आहे."

दुसऱ्या कोणी असं तोंडावर विचारलं असतं तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. माझी जीभ तेव्हाही कमी नव्हती, आजही नाही. पण गुरुजींचा राग यायचा नाही. शेजारच्या गावात अठरा वर्षं एकाच शाळेवर असलेला, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेला, सायकलवरून हिंडणारा माणूस. मी वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावले आणि त्यांना ऑफिसात घेऊन बसले.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. खैरटोल्याच्या शाळेवर मला चार वर्षं झाली होती. झाडीपट्टीतलं, जंगलाला चिकटलेलं गाव, बहुतेक घरं गोंडांची. शाळा सातवीपर्यंत, पोरं एकसष्ट, शिक्षक तीन. मुख्याध्यापकाची जागा रिकामी, म्हणून तो कारभारही माझ्याकडं. घर तालुक्याच्या गावी, सासूबाईंच्या कडेवर दीड वर्षाची पोर. सकाळच्या एस.टी.नं यायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं जायचं. बदलीचा अर्ज मी दर वर्षी टाकत होते आणि तो दर वर्षी कुठंतरी फायलीत निवांत झोपत होता.

आता मोहाचं सांगते, नाही तर पुढलं कळायचं नाही. होळीच्या आगेमागे मोह फुलतो. फुलं पहाटेपासून टपटप पडतात आणि नऊ-दहा वाजता थांबतात. ज्याचं झाड त्यानं त्याच्याखाली बसायचं, नाही तर गुरं येऊन खाऊन जातात. वाळवलेली फुलं वर्षभर घरात पुरतात, उरलेली बाजारात जातात. म्हणून महिनाभर लहानथोर सगळं गाव पहाटेपासून झाडाखाली. आणि नेमकी होळी झाली की आमची शाळा सकाळची व्हायची, सव्वासात ते साडेअकरा, ऊन फार म्हणून. पोरं झाडाखाली, आम्ही रिकाम्या वर्गात. पोरं टोपल्या घेऊन घरी परतायची तेव्हा आम्ही शाळेला कुलूप घालून बाराच्या गाडीला धावत असायचो.

आणि हजेरी? ती आम्ही भरायचो. त्या वर्षांत पहिली ते पाचवीच्या पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, पण ऐंशी टक्के हजेरी असेल तरच. मार्चात खरी हजेरी लिहिली तर गावातल्या एकाही पोराला तांदूळ मिळाला नसता. मग लिहायचं हजर. त्यात कुणाचं नुकसान होतं? मी स्वतःला हेच सांगायची. सहावी-सातवीला तांदूळ नव्हता, तरी त्यांनाही हजरच लिहायची. हात बसला होता. शिवाय हजेरी पडली की तपासणी लागायची आणि तपासणी कोणाला हवी असते?

"एकसष्टपैकी अठरा-वीस," मी गुरुजींना सांगितलं. "एखाद्या दिवशी तर अकरा."

"लिहून द्याल?"

"कशाला?"

गुरुजींनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. त्यावर त्यांनी रेघा मारून अख्खं वर्ष आखलं होतं. जुलै-ऑगस्टात भाताची रोवणी, नोव्हेंबरात धानाची कापणी, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, मार्च-एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदूपत्ता. त्याखाली दुसऱ्या शाईनं शाळेचं वर्ष, सुट्ट्या, परीक्षा. वरचं आणि खालचं वर्ष एकमेकांशी कुठंच जुळत नव्हतं. पोरं कामावर तेव्हा शाळा भरलेली, पोरं मोकळी तेव्हा शाळेला सुट्टी. त्यांचं म्हणणं साधं होतं. जंगलालगतच्या बारा गावांत मोह संपेपर्यंत शाळा दुपारची भरवा, अकरा ते साडेचार. दिवाळीच्या एकवीस दिवसांतले दहा दिवस कापा आणि मोहाच्या ऐन भरात सुट्टी द्या. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. तालुक्याला नवे साहेब आले होते आणि त्यांनी पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकावर शिक्षकांची मतं घ्यायला सभा बोलावली होती. यंदाच्या मार्चासाठीही तात्पुरता बदल करता येतो, असं साहेब म्हणाले होते.

"उन्हाचं काय गुरुजी? पत्र्याखाली दुपारी पोरं भाजून निघतील."

"पोरं तशीही उन्हातच असतात बाई. आपण मात्र बाराच्या गाडीत असतो."

हे लागलं मला. पण खोटं नव्हतं.

मी लिहून दिलं. खरंच दिलं, तेवढं तरी माझ्या बाजूनं सांगू द्या. वहीचं पान फाडून त्यावर मागच्या मार्चातली आठवेल तेवढी खरी हजेरी वर्गवार लिहिली आणि खाली सही केली. सभेत उभी राहून बोलेन असंही म्हटलं. कारण माझ्या डोक्यात रायवंता होती.

रायवंता मडावी सातवीत होती. दसरू मडावीची थोरली. वर्गात सगळ्यांत पुढं, आणि प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तालुक्याच्या हायस्कुलात प्रयोगशाळेत माणसाचा सांगाडा आहे, हे तिनं कुठूनसं ऐकलं होतं. "बाई, तो खऱ्या मानसाचा असते का? तो मानूस कोन व्हता?" असं तिनं मला पाचदा तरी विचारलं असेल. आठवीला मुलींच्या वसतिगृहात तिचं नाव घालायचं मी ठरवलं होतं, दसरूही तयार होता. अट एकच होती. सातवी एप्रिलात पास व्हायला हवी, कारण वसतिगृहाची यादी मेमध्ये लागायची. नापास झाली की जागा गेली, आणि गावात बसलेल्या तेरा वर्षांच्या पोरीला पुन्हा सातवीत कोण बसवतं?

त्या वर्षी तिची आई नुकतीच बाळंत झालेली. दसरूची मोहाची चार झाडं, दोन नाल्याकडं आणि दोन टेकडीच्या पायथ्याशी. नाल्याकडली दसरू सांभाळणार आणि टेकडीकडली रायवंता. तिच्याशिवाय माणूसच नव्हतं घरात. दहापर्यंत ती मोकळी व्हायची नाही. अकरानंतर शाळा असती तर रोज आली असती. हे दसरूनंच मला सांगितलं होतं. म्हणजे त्या पोरीचं सगळं एका वेळापत्रकावर अडलं होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तालुक्याला झाली. शंभरेक शिक्षक. सुरुवातीला सगळ्यांनी आपापलं सांगून घेतलं. कोणाला गणपतीत पाच दिवस हवे होते, कोणाला शनिवार अर्धा नको होता, कोणी म्हणालं जूनऐवजी जुलैत शाळा उघडा. मग गुरुजी उठले. त्यांनी तो आखलेला कागद फळ्याला लावला आणि सावकाश, एकेक महिना काठीनं दाखवत सांगितलं. त्यांनी चुकूनही कोणाला दोष दिला नाही.

संघटनेचे अध्यक्ष हटवार सर लगेच उठले. गडी बोलण्यात पटाईत. म्हणाले, गुरुजींबद्दल आदर आहे, पण आज मोहाला सुट्टी दिली तर उद्या तेंदूपत्त्याला मागतील, परवा रोवणीला. मग शाळा भरवायची कधी, अमावास्येला? दिवाळीच्या सुट्टीत बायाबापड्या माहेरी जातात, लेकीबाळी येतात, ती का म्हणून कापायची? आणि बेचाळीस डिग्रीत दुपारची शाळा घेऊन एखादं पोर चक्कर येऊन पडलं तर लोक कोणाला धरतील? लोकांनी टाळ्या वाजवल्या. हटवार सरांचं सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मनात बाराची गाडी होती, माझ्यासकट.

हे नवे पाथोडे साहेब काही वाईट माणूस नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब मी पुष्कळ पाहिले, हे त्यातले नव्हते. ते गुरुजींचा कागद बराच वेळ बघत होते. म्हणाले, "मला हे पटण्यासारखं वाटतं. बारा गावांपुरता बदल मी माझ्या जबाबदारीवर करू शकतो. पण उद्या वरून विचारलं तर मला आधार हवा. पोरं खरंच येत नाहीत, हे कागदावर दिसलं पाहिजे."

त्यांनी बाबूकडून मागच्या मार्चाची मासिक पत्रकं मागवली. बारा शाळांची बारा पत्रकं टेबलावर आली. साहेबांनी एकेक उलटलं. त्यात काय आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"ब्याण्णव, पंच्याण्णव, एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव," साहेब वाचत गेले. अकरा शाळा झाल्या. बारावं पत्रक गुरुजींचं होतं. "अडतीस टक्के."

साहेबांनी चष्मा काढला. "लांजेवार गुरुजी, मोह बाराही गावांत पडतो ना?"

"पडतो साहेब."

"मग अकरा गावांतली पोरं शाळेत बसतात आणि फक्त तुमच्याच गावची झाडाखाली जातात, असं कसं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजींच्या गावातल्या पोरांना गेल्या मार्चात तांदूळ मिळाला नव्हता. गावानं त्यांना त्यावरून बरंच ऐकवलं होतं, शेजारच्या गावच्या बाई बघा किती चांगल्या, असं म्हणून. त्या चांगल्या बाई म्हणजे मी.

गुरुजींना एका वाक्यात सुटता आलं असतं. ही पत्रकं खोटी आहेत साहेब, एवढंच म्हणायचं होतं. पण मग अकरा जणांच्या नोकरीवर गदा आली असती. ते म्हणाले, "ज्यांच्या त्यांच्या शाळेचं त्यांनाच विचारा साहेब."

साहेबांनी पत्रकांवर नजर फिरवली. "खैरटोला तुमच्या गावाला लागूनच आहे. कापगते बाई कोण?"

मी उभी राहिले.

"बाई, तुमची चौऱ्याण्णव टक्के आहे. ही हजेरी बरोबर आहे?"

गुरुजी माझ्याकडं बघत होते. हटवार सरही बघत होते. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी पुढं बरीच वर्षं वेगवेगळं सांगत आले. तांदूळ आला मनात, हे खरं आहे. कबूल केलं असतं तर गावाचा तांदूळ थांबला असता. पण त्याच्या आधी दुसरंच मनात आलं. साहेबांच्या कपाटात माझा बदलीचा अर्ज होता आणि घरी दीड वर्षाची पोर होती. खोटी हजेरी लिहिणाऱ्या बाईचा अर्ज कोण वर काढणार? तांदूळ नंतर आला आणि मी त्याला पुढं केलं.

"हो साहेब, बरोबर आहे," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. "पोरं फुलं वेचून येतात साहेब. आमच्याकडं तसा त्रास नाही."

हे दुसरं वाक्य मला कोणीही विचारलं नव्हतं.

गुरुजींचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. माझ्या सहीचा कागद त्याच खिशात होता, मी सकाळी तो वरून दिसताना पाहिला होता. त्यांनी दोन बोटं खिशात घातली, तशीच बाहेर काढली आणि खाली बसले.

मोहाचा प्रस्ताव तिथंच मिटला. साहेबांचा आवाज बदलला. अडतीस टक्के हजेरीबद्दल गुरुजींनी आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा असं त्यांनी सांगितलं आणि सकाळच्या शाळेची तारीख जाहीर केली, नेहमीसारखी होळीच्या दुसऱ्या दिवसापासून. वार्षिक परीक्षा सहा एप्रिलपासून, सकाळी साडेसातला. सातवीचे पेपर केंद्राच्या शाळेवर, सगळ्यांचे एकत्र.

बाहेर चहा होता. मी गुरुजींना चुकवून निघाले होते, पण तेच सायकल हातात धरून माझ्याकडं आले. खिशातून तो कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमचा कागद. माझ्याजवळ सापडला तर तुम्हाला त्रास व्हायचा."

"गुरुजी, ते तांदळाचं—"

"हो, तांदळाचं आहेच," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सोसेना. मग जाताजाता म्हणाले, "बाई, सातवीच्या पोरांचं तेवढं आधीपासून बघा. परीक्षा आता सकाळीच होणार."

मी मान हलवली. बघते म्हटलं.

बघितलं काय, डोंबल. होळी झाली, मोह पडायला लागला, शाळा ओस पडली. मी पुन्हा हजर, हजर, हजर लिहीत गेले. सभेत बोलल्यावर तर आता खरं लिहायची सोयच उरली नव्हती. रायवंता दोन-तीनदा अकरा वाजता धापा टाकत आली, हात चिकट, अंगाला मोहाचा गोडसर वास. तेव्हा आम्ही दप्तर आवरत असायचो. मी तिला गणितं सांगितली, पाटीवर उत्तरं तपासली आणि गाडी धरली. परीक्षेच्या सहा दिवसांचं काय करायचं, हे मी दसरूशी बोलले नाही. आज होईल, उद्या होईल. रजिस्टरात ती रोज हजर होती आणि माझ्याही मनात तिचं कसंबसं होईलच असं काहीतरी होतं. दुसरं काही सांगता येत नाही.

सहा एप्रिलला केंद्रावर पोचले तर लांजेवार गुरुजींची सातवीची नऊच्या नऊ पोरं बैलबंडीतून उतरत होती. नंतर कळलं, त्यांनी पंधरा दिवस आधी गावाची बैठक घेतली होती. ज्यांची पोरं परीक्षेला, त्यांच्या झाडांखाली सहा दिवस इतरांनी आळीपाळीनं बसायचं ठरवलं होतं. गुरुजींच्या बायकोनंही दोन झाडं सांभाळली म्हणे. त्यांच्या रजिस्टरात पोरं गैरहजर होती, म्हणून त्यांना आणायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडला होता. मला तो पडलाच नाही.

माझी सातवीची सात पोरं. चार आली. रायवंता नव्हती.

पेपर सुरू झाला. मला दुसऱ्या खोलीवर पहारा होता, पण माझं लक्ष सारखं फाटकाकडं. सव्वानऊ झाले असतील. फाटकातून रायवंता पळत आली. पाच किलोमीटर पळत आली होती ती. परकर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला, काखेत पुठ्ठ्याचं पॅड, हातात पेन. तिला बोलता येत नव्हतं इतका दम लागला होता.

केंद्राचे प्रमुख म्हणून हटवार सर दारात होते. अर्ध्या तासानंतर आत घेता येत नाही, नियम आहे, असं ते म्हणाले. मी खोली सोडून बाहेर आले. म्हटलं, "सर, पोर हुशार आहे. तासाभरात होईल तेवढं लिहील. पहाटेपासून मोहाखाली होती हो."

हटवार सरांनी माझ्याकडं बघितलं. "मोहाखाली? तुमच्याकडं तसा त्रास नाही ना, बाई? भर सभेत तुम्हीच सांगितलं."

आजूबाजूला दोन-तीन शिक्षक उभे होते. रायवंता माझ्या तोंडाकडं बघत होती, आता बाई काहीतरी बोलतील म्हणून. तेव्हा तरी मी भांडायला हवं होतं. एरवी कंडक्टरशी सुट्ट्या आठ आण्यांवरून भांडणारी बाई मी. पण त्या दिवशी मी हटवार सरांकडं पाठ फिरवली. मी तिला म्हटलं, उद्या लवकर ये हं. तिनं मान हलवली. मग मी खोलीत परत गेले आणि माझ्या शाळेच्या तक्त्यावर तिच्या नावापुढं 'गैरहजर' लिहिलं.

त्या दुपारी खैरटोल्याला जाऊन दसरूला गाठता आलं असतं. हातापाया पडता आलं असतं. त्या दोन झाडांखाली मी स्वतः बसले असते तरी काय बिघडलं असतं? मी बाराची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

गुरुजींची नऊच्या नऊ पास झाली. खुलाशाचं प्रकरण मात्र त्यांच्या सेवापुस्तकात चिकटलं ते निघालं नाही, आणि निवृत्तीच्या वेळी त्यांना त्यासाठी हेलपाटे घालावे लागले. मी पुढं केंद्रप्रमुख झाले, बारा-पंधरा शाळांची मार्चातली पत्रकं माझ्या टेबलावर येऊ लागली. ब्याण्णव, पंच्याण्णव. मी सह्या केल्या. गुरुजी गेले तेव्हा मी त्यांच्या गावी गेले होते, पण मागच्या मागं उभी राहून परतले. सभेतलं ते कधी त्यांच्याशी बोलले नाही. माफी मागायला मला बारा वर्षं मिळाली होती.

पण मला सांगायचं आहे ते त्या जुलैचं. शाळा सव्वीस जूनला उघडली आणि चारच दिवसांत माझ्या बदलीचा हुकूम आला, तालुक्याच्या गावातच, घरापासून दहा मिनिटांवर. चार वर्षं झोपलेला अर्ज त्या वर्षी बरोबर जागा झाला. मी चार्ज द्यायला म्हणून कपाटं उघडून, रजिस्टरं मांडून बसले होते, आणि दसरू मडावी दारात उभा राहिला. रायवंताचा दाखला पाहिजे म्हणाला. रोवणीला माणूस कमी होतं, बाळ लहान होतं, पोरगी आता घरीच राहणार होती. दाखला कधी लागला तर जवळ असावा, असं त्याला भावानं सांगितलं होतं.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बाकावर टेकला नाही, खालीच बसला. म्हटलं, पुन्हा सातवीत बसवा तिला दसरूभाऊ, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. तो नुसता हसला. दाखल्याचं पुस्तक मी पुढं ओढलं तेव्हा त्यानं विचारलं.

"बाई, एक गोष्ट विचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचारा ना."

"पोरीनं निकालाचा कागद वाचून दाखोला. मार्चात चोवीस दिवसाचे चोवीस दिवस हजर हाये म्हने. ते तं टेकडीकडल्या झाडाखाली व्हती. मी म्हटलं, बाई चांगल्या हायेत, पोरीले सांभारून घेतात." त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. "चोवीस दिवस लिवले तुमी. मंग पेपराचे साहाच दिवस काहून नाई लिवले?"

तोंडात आलं ते बोलले, की परीक्षेचं तसं नसतं, तिथं लिहिता येत नाही. त्यानं 'हाव' म्हणून मान डोलावली. शाळेचं शाळेला माहीत, एवढ्यावर त्यानं ते सोडून दिलं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी दाखला लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख. मग 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना आला. अशा पोरांचं कारण ठरलेलं असतं, 'सतत गैरहजर'. पेन टेकवलं आणि थांबले. समोर रजिस्टर उघडं होतं, त्यात माझ्याच अक्षरात ती वर्षभर हजर होती. शहाण्णव टक्के. गैरहजर लिहिलं असतं तर नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. मग रकाना भरला.

"काय लिवलं बाई?" दसरूनं विचारलं.

खोटं वाचून दाखवणं तेवढं जमलं नाही मला. जे लिहिलं होतं तेच वाचलं. "पालकाच्या इच्छेने."

बाहेर पोरं कविता म्हणत होती.

"माही तं इच्छा नव्हती, बाई," तो म्हणाला. "पन तुमी लिवता तं बरोबरच असन."

आणि त्यानं अंगठा पुढं केला. मी शाईची डबी उघडून त्याच्यासमोर ठेवली.